विष्णुशास्त्री कोणाच्या पैशावर लिहीत होते?

विष्णुशास्त्री चिपळूणकर पुरती बत्तीस वर्षंही जगले नाहीत. २० मे १८५० रोजी पुण्यात जन्म, १७ मार्च १८८२ रोजी पुण्यातच शेवट. त्यांच्यावरून चाललेलं भांडण मात्र त्यांच्या आयुष्याच्या चौपटीहून जास्त टिकलंय. एका कंपूला ते 'मराठी भाषेचे शिवाजी' वाटतात, दुसऱ्याला जोतीराव फुल्यांची टर उडवणारे पुणेरी सनातनी. जयंती-पुण्यतिथीला दोन्हीकडचे ठरलेले मजकूर फिरतात, ठरलेल्या शिव्या पडतात, आणि 'निबंधमाले'चे चौऱ्याऐंशी अंक कपाटात होते तिथेच राहतात.

या भांडणात एक प्रश्न कोणीच विचारत नाही, तो पैशाचा. हा माणूस कोणाच्या जिवावर लिहीत होता? मराठीत आपण लेखकाची मतं तपासतो, जात तर आधीच तपासलेली असते, पण त्याचा छापखाना कोणाच्या पैशावर चालायचा हे बघत नाही. चिपळूणकरांचं मोठेपण आणि त्यांचा मोठा दोष, दोन्ही मला तिथेच सापडतात.

आधी वडिलांकडे पाहू. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्या काळातलं बडं प्रस्थ. मेघदूताचा पद्यानुवाद, जॉन्सनच्या 'रासेलस'चं भाषांतर, अरबी गोष्टी, व्याकरणावरचे निबंध, असा मोठा पसारा. पण हा सगळा संसार सरकारी सावलीत. पूना कॉलेज सरकारी, ट्रेनिंग कॉलेज सरकारी, दक्षिणा प्राइझ कमिटी सरकारी. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने हळूहळू आवरती घेतली आणि तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला. अर्वाचीन मराठी गद्याची पहिली पिढी अशी बक्षिसांवर, क्रमिक पुस्तकांवर आणि शिक्षण खात्याच्या मर्जीवर वाढली. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, दुसरा आश्रयदाताच नव्हता. मात्र आश्रय देणाऱ्याचा हात किती वेळात मागे जातो, हे चिपळूणकरांच्या घरात लवकरच कळलं. 'शालापत्रक' हे मासिक आधी वडील चालवत, पुढे मुलगा पाहू लागला. कालिदास, भवभूती, बाण यांच्यावरचे विष्णुशास्त्र्यांचे लेख त्यातलेच. तिथवर ठीक होतं. मिशनऱ्यांवर आणि सरकारी धोरणावर तिरकस लिहिणं सुरू झालं, आणि १८७५ साली 'शालापत्रक' बंद पडलं.

तोवर 'निबंधमाला' सुरू होऊन वर्ष झालं होतं. जानेवारी १८७४ पासून पुढची सात वर्षं बहुतेक एकट्याच्या लेखणीने भरलेलं हे मासिक. भाषापद्धती, इतिहास, वक्तृत्व, गर्व, लोकभ्रम, विद्वत्त्व आणि कवित्व, असे विषय. मेकॉले आणि जॉन्सन पचवलेला हा लेखक इंग्रजांचीच हत्यारं घेऊन इंग्रजी विद्येने दिपलेल्या आपल्या लोकांवर चालून जातो. लांबच लांब वाक्यं, पोटात पोटवाक्यं, आणि शेवटी असा टोला की ज्याच्यावर बसला त्याचा आपल्याला विसर पडावा. 'मोरोपंताची कविता' वाचताना माझा धीर सुटतो हे कबूल, पण 'इतिहास' आजही एका बैठकीत वाचून होतो. आणि ज्यांना ते केवळ पोथीनिष्ठ वाटतात त्यांनी 'लोकभ्रम' जरूर वाचावा. भुतंखेतं, शकुन-अपशकुन, ज्योतिष यांची त्यात गय केलेली नाही.

हे लिहिणारा माणूस मात्र सरकारी शाळेतला मास्तर होता, हे लक्षात ठेवायला हवं. दिवसा सरकारची चाकरी, रात्री सरकारने दिलेल्या विद्येची झडती. हे फार दिवस चालणार नव्हतं. त्यांची रत्नागिरीला बदली झाली. काळही तसाच होता. १८७६ ते १८७८ दुष्काळ, १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा व्हाइसरॉय लिटनचा कायदा, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळालेला. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाचीही नाशिक आणि मग धुळे अशी रवानगी झाली. अशा वर्षी, १८७९ मध्ये, चिपळूणकरांनी पक्की, पेन्शनीची सरकारी नोकरी सोडली.

त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत धाडसाचं काम हेच, असं मला वाटतं. कारण नोकरी सोडून ते घरात बसले नाहीत, नोकरीत असतानाच हात घातलेल्या धंद्यात पुरते पडले. चरित्रकार इथे 'देशसेवा' वगैरे शब्द घालतात आणि धंदा झाकून टाकतात. पण जरा यादी बघा. काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर 'काव्येतिहाससंग्रह', म्हणजे घराघरांत कसर खात पडलेल्या बखरी आणि जुनी काव्यं छापून काढणारं मासिक. बाळकृष्णपंत जोश्यांबरोबर चित्रशाळा. पुस्तकांचं दुकान, म्हणजे किताबखाना. १ जानेवारी १८८० ला टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल, जिथे पुढे वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले. आर्यभूषण छापखाना. आणि जानेवारी १८८१ च्या पहिल्या आठवड्यात आधी इंग्रजी 'मराठा' आणि मग मराठी 'केसरी'. लिटनचा कायदा अजून अमलात असताना!

यातल्या चित्रशाळेबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिच्याकडे सहसा कोणी राजकारण म्हणून बघत नाही. शिळाप्रेसवर छापलेली रंगीत चित्रं: रामपंचायतन, देवदेवता, आणि त्यांच्याबरोबर नाना फडणवीस. निबंध वाचायला अक्षरं लागतात, वेळ लागतो, मेकॉलेची थोडीफार ओळख असली तर बरं. चित्राला भिंत आणि खिळा पुरतो. ज्या घरात 'निबंधमाला' कधी जाणार नव्हती तिथे रामाशेजारी पेशवाईचा कारभारी जाऊन बसला. इंग्रजांना हरकत घ्यायला जागा नव्हती, कारण विकत होते ते तर देवाचं चित्र. पुढे चित्रशाळेने 'चित्रमयजगत' काढलं, ती विसाव्या शतकातही पुण्यातली मोठी संस्था राहिली. संस्थापकाच्या मागे तीसचाळीस वर्षं टिकणारा धंदा उभा करणं मराठी लेखकाला किती वेळा जमलंय, ते मोजून पाहा.

तर सरकारवर अवलंबून नसलेलं मत मांडायचं असेल तर आधी सरकारवर अवलंबून नसलेला छापखाना, दुकान आणि शाळा लागते, हे चिपळूणकरांनी ओळखलं आणि करून दाखवलं. आज राष्ट्रवादाच्या नावाने त्यांचा फोटो लावणारे बहुतेक लोक हाच भाग वगळतात. त्यांना त्यांचा आवेश हवा असतो, पण अनुदानही हवं असतं.

आता दुसरी बाजू. सरकारचा पैसा नाकारला तर पैसा कोणाचा? वर्गणीदाराचा. आणि १८७४ ते १८८१ या काळात मराठी मासिकाचा वर्गणीदार कोण होता? ज्याला गंभीर गद्य वाचता येत होतं आणि वर्षाची वर्गणी परवडत होती तो: शिक्षक, वकील, कचेरीतला कारकून, मामलेदार, कॉलेजातला विद्यार्थी. त्यात बहुसंख्य ब्राह्मण. पेशवाई जाऊन साठएक वर्षं झालेली, इंग्रजांच्या कचेरीत मान खाली घालून काम करणारा, घरी आल्यावर आजोबांच्या गोष्टी ऐकणारा हा वर्ग. त्याचा दुखावलेला अभिमान 'निबंधमाले'ने उचलून धरला. 'आमच्या देशाची स्थिती' या अखेरच्या मोठ्या निबंधात चिपळूणकरांनी बजावलं की या देशाच्या प्रकृतीत मुळात काही बिघाड नाही, गेलं आहे ते स्वातंत्र्य. सुधारकांनी दाखवलेल्या दोषांच्या याद्या त्यांनी उडवून लावल्या. इंग्रजाने आपल्याबद्दल दिलेला निकाल आपणच शिरोधार्य मानायचा, ही सवय मोडायला असा एक निबंध हवाच होता, आणि पुढे सरकारने तो जप्त केला यातच त्याची ताकद दिसते. पण ज्या देशाची नाडी ते ठणठणीत ठरवतात, त्या देशातल्या किती जणांचा हात त्यांनी हातात घेऊन पाहिला होता? वाचकाला ऐकायचं होतं ते आणि लेखकाला म्हणायचं होतं ते, दोन्ही इथे तंतोतंत जुळतं. असं जुळलं की मला जरा संशय येतो.

तो संशय फुल्यांच्या प्रकरणात खरा ठरतो. फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं १८७३ मध्ये, सत्यशोधक समाज स्थापन झाला त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, म्हणजे 'निबंधमाले'च्या जेमतेम चार महिने आधी, त्याच शहरात. चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनावर आणि समाजाच्या अहवालावर जे परीक्षण लिहिलं, त्यात फुल्यांच्या मुद्द्याला उत्तर जवळपास नाहीच. व्याकरणाच्या चुका आहेत, भाषेची थट्टा आहे, शूद्राने धर्म शिकवायला निघावं याची टिंगल आहे. लोकहितवादींवरही ते तुटून पडले होते, पण तिथे निदान शतपत्रांतली विधानं घेऊन ती खोडायची मेहनत होती. फुल्यांच्या बाबतीत तेवढीही गरज त्यांना वाटली नाही, कारण त्यांचा वाचक आधीच हसायला तयार बसला होता. शेतकऱ्याची जमीन, कुळकर्ण्याचं दप्तर, शाळेच्या पैशाचा हिशेब यांवरचे फुल्यांचे प्रश्न त्या हशात बुडून गेले.

इथे नेहमीचा बचाव येतो: त्यांना त्यांच्या काळाच्या मापाने मोजा. मोजू या की. फुले कोणत्या काळातले होते? आणि रानडे? स्वामी दयानंद पुण्यात आले तेव्हा, सप्टेंबर १८७५ मध्ये, त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी धुडगूस घातला, चिखलफेक झाली. त्या मिरवणुकीत रानडे चालत होते आणि त्यांच्या सांगण्यावरून आपली माणसं घेऊन फुलेही आले होते. दयानंदांची वेदनिष्ठा फुल्यांना मान्य नव्हती, फुल्यांची ब्राह्मणांवरची टीका रानड्यांना झेपणारी नव्हती, तरी ते एका रस्त्याने चालले. चिपळूणकरांनी दयानंद, रानडे आणि फुले या तिघांनाही 'निबंधमाले'तून झोडपलं. म्हणजे त्या काळात, त्या गावात, दुसरा रस्ता उपलब्ध होता. चिपळूणकर त्यावरून गेले नाहीत. तेविशी-पंचविशीतल्या बुद्धिमान माणसाचा माज हेही एक कारण असेल, पण तो माज छापून विकला जात होता आणि वर्गणीदार तो आवडीने घेत होता.

विरुद्ध बाजूलाही एक गोष्ट सांगायला हवी. 'ब्राह्मणी राष्ट्रवाद' एवढं म्हणून फाइल बंद करणाऱ्यांना छापखान्याचा प्रश्न सुटलेला नसतो. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढलं. बहुजन समाजाचं, शेतकऱ्याचं पत्र. ते पैशाअभावी रखडलं आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत नेऊन जगवलं. ज्याच्यासाठी पत्र काढलं त्याला वाचता येत नव्हतं आणि वर्गणी परवडत नव्हती. चिपळूणकरांचा धंदा चालला आणि भालेकरांचा अडखळला, यात लेखणीच्या गुणापेक्षा वाचकाच्या खिशाचा हात मोठा आहे. 'स्वतंत्र' पत्रकारिता म्हणजे ज्याच्याकडे पैसे देणारा वाचक आहे त्याचं स्वातंत्र्य, हे तेव्हाच दिसत होतं.

आणि फुले कोणाच्या पैशावर लिहीत होते? हा प्रश्न विचारला की दोन्हीकडचे थोडे चपापतात. फुले कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासाठी माल पुरवणं, बांधकामाची कामं, ओतकामाच्या साहित्याचं दुकान. त्यातला बराच पैसा सरकारी बांधकामातून येणारा. चिपळूणकरांच्या कसोटीने पाहिलं तर फुले सरकारचे मिंधे ठरावेत, आणि तसं म्हणणारे आजही आहेत. पण लिटन पुण्याला यायचा होता तेव्हा नगरपालिकेने त्याच्या स्वागतावर खर्च करायचं ठरवलं आणि सरकारनियुक्त सदस्य असलेल्या फुल्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. म्हणजे पैसा सरकारी बांधकामातून येऊनही व्हाइसरॉयला नको म्हणता येतं. आणि पैसा वाचकांकडून येत असला तरी वाचकाच्या जातीला नको म्हणता येतंच असं नाही.

पुढे जे घडलं ते एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून म्हटलं असतं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ केल्याबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'ने कारभारी बर्वे यांच्यावर केलेल्या आरोपांवरून अब्रूनुकसानीचा खटला उभा राहिला. तो चालू असतानाच चिपळूणकर वारले. टिळक आणि आगरकरांना जामीन हवा होता. दहा हजारांचा जामीन राहिले रामशेठ बापूशेठ उरवणे, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. ज्या माणसाची टर 'निबंधमाले'ने उडवली, त्याच्या माणसाने मालाकारांच्या, म्हणजे चिपळूणकरांच्या, पत्राच्या संपादकांसाठी पैसा उभा केला. टिळक-आगरकर जुलै १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवसांनी सुटले. 'निबंधमाले'च्या कोणत्या वर्गणीदारांनी या काळात काय केलं, हे शोधण्यासारखं आहे. पत्र वाचणं आणि पत्रामागे उभं राहणं यांत तेव्हाही अंतर होतं.

आणि संस्थेचं काय झालं? सरकारी मदतीशिवाय शिक्षण, हा न्यू इंग्लिश स्कूलचा मूळ बाणा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ च्या जानेवारीत कॉलेज निघालं. नाव दिलं मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. चिपळूणकरांना जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. मी याला दगाबाजी म्हणत नाही. कॉलेजला जागा लागते, मान्यता लागते, देणगीदार संस्थानिक लागतात, आणि त्या संस्थानिकांना गव्हर्नरचं नाव पाहून धीर येतो. पण वारसदारांनी चिपळूणकरांच्या शिदोरीतलं काय आधी टाकलं, ते यातून कळतं. स्वावलंबन टाकलं. उपहास ठेवला. पुढच्या काळातल्या पुणेरी पत्रांच्या भांडणांत प्रतिपक्षाच्या मुद्द्याऐवजी त्याच्या भाषेला, घराण्याला, जातीला हात घालायची जी रीत पडली, तिचं उत्तम गद्य 'निबंधमाले'त आहे. आजच्या समाजमाध्यमांवरच्या मराठीत ते गद्य उरलेलं नाही, नुसती रीत उरलीय, आणि ती सगळ्या पक्षांनी सारखीच उचललीय. प्रतिपक्षाच्या पोस्टमधला ऱ्हस्व-दीर्घ पकडून जिंकल्यासारखं वाटणाऱ्याने आपले गुरू कोण ते ओळखून असावं.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने एका अनुवादित पुस्तकाला जाहीर केलेला वाङ्मय पुरस्कार आठवड्याभरात रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. काही लेखकांनी निषेध म्हणून आपले पुरस्कार नाकारले, काहींनी समित्यांचे राजीनामे दिले. तेव्हा चर्चा झाली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. ती व्हायलाच हवी होती. पण दक्षिणा प्राइझ कमिटीपासून आजच्या साहित्य-संस्कृती मंडळापर्यंत मराठी लेखनाचं अर्थकारण पुन्हा सरकारी ओसरीवरच का येऊन बसतं, ही चर्चा फारशी झाली नाही. चिपळूणकरांचे चाहते तिथे गप्प होते, आणि टीकाकारांना त्यांचं नाव आठवायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या टोकाला जे सरकारचा पैसा घेत नाहीत, प्रेक्षक-वाचकांच्या पैशावर चॅनेल किंवा साप्ताहिक चालवतात, त्यांची अडचण चिपळूणकरांनी दाखवून ठेवलेली आहेच. पैसे देणाऱ्या वाचकाला रोज तेच हवं असतं: तू बरोबर आहेस, दोष त्यांचा. हे न देता पत्र चालवणं किती महागात पडतं, ते चिपळूणकरांच्याच गोटातल्या माणसाकडून शिकावं. गोपाळ गणेश आगरकर. 'केसरी'चे पहिले संपादक, डोंगरीत टिळकांबरोबर राहिलेले. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि ज्या वर्गाने 'निबंधमाला' डोक्यावर घेतली त्याच वर्गाला बालविवाह, केशवपन, सोवळं-ओवळं यांवरून रोज टोचून काढलं. त्या वर्गाने जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकरांना हे परवडलं, याचं एक साधं कारण असंही होतं की त्यांची चूल 'सुधारक'च्या वर्गणीवर पेटत नव्हती. ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवत, पुढे तिथले प्राचार्य झाले. पगार तुटपुंजा होता, पण दर महिन्याला येत होता.